अत्यावश्यक मेदाम्ले आणि आपले जेवण : करडईने एकाचे भागते, दुसऱ्याचे काय?

माळरान

नमस्कार. आमचे घर मूळचे सोलापूर जिल्ह्यातले, शाकाहारी आणि तीन पिढ्या करडईच्या तेलावर वाढलेले आहे. पुण्यात आल्यावरही आम्ही तेल बदलले नाही. करडई हृदयाला चांगली, असे सगळीकडे ऐकत होतो आणि त्यामुळे आपण योग्य तेच खातो असा आमचा समज होता.

दोन महिन्यांपूर्वी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. त्यांचे वय ७१ आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळे विचारून घेतल्यावर एकच प्रश्न केला, "घरात जवस आहे का?" जवस नव्हते. त्यांनी सांगितले की तुमच्या जेवणात एक अत्यावश्यक मेदाम्ल भरपूर आहे आणि दुसरे जवळजवळ नाही. तेव्हापासून मी या विषयावर जमेल तेवढे वाचते आहे.

मला समजले ते असे. आपले शरीर बहुतेक मेदाम्ले स्वतः तयार करू शकते. दोन मात्र करू शकत नाही. एक लिनोलेइक आम्ल, जे ओमेगा-६ कुटुंबातले आहे, आणि दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, जे ओमेगा-३ कुटुंबातले आहे. ही दोन्ही अन्नातूनच यावी लागतात. पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते आणि अल्फा-लिनोलेनिक नावालाही नसते. आमच्याकडे माणशी रोज साधारण २५ ग्रॅम तेल लागते, म्हणजे पहिले आम्ल १८-१९ ग्रॅम मिळते आणि दुसरे तेलातून शून्य.

तर प्रश्न असा, की मासे न खाणाऱ्या आणि करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल वापरणाऱ्या मराठी घरात दुसरे आम्ल कुठून येते? की ते येतच नाही आणि आपल्याला ते कळतही नाही? जाणकारांनी मनापासून लिहावे. वडिलांबरोबरच मला माझ्या चार वर्षांच्या मुलाचाही विचार करायचा आहे.

प्रयोगवही

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो.

१९२० च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञ असे मानत की मेद म्हणजे उष्मांकांचा साठा आणि काही जीवनसत्त्वांना वाहून नेणारे माध्यम, त्यापलीकडे त्याचे स्वतःचे काही काम नाही. उष्मांक साखरेतून आणि जीवनसत्त्वे वेगळी दिली तर मेदावाचून चालेल, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने हे तपासून पाहिले. त्यांनी उंदरांना शुद्ध केलेले केसीन (दुधातले प्रथिन), साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे दिली, पण मेद कटाक्षाने वगळला. काही महिन्यांत उंदरांची वाढ थांबली, शेपटीवर खवले आले, मूत्रपिंडे बिघडली आणि माद्यांचे प्रजनन विस्कळीत झाले. १९२९ मध्ये त्यांनी हा नवा अभावजन्य विकार जाहीर केला. १९३० मध्ये त्यांनी दाखवले की लिनोलेइक आम्लाच्या अगदी थोड्या मात्रेने हे उंदीर बरे होतात. 'अत्यावश्यक मेदाम्ले' ही संज्ञा त्याच कामातून रूढ झाली.

ही आम्ले आपल्याला का बनवता येत नाहीत, याचे कारण सोपे आहे. मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. तिच्या आम्लाच्या टोकाकडून मोजत गेल्यास नवव्या कार्बनपर्यंत दुहेरी बंध घालणारी विकरे (एन्झाइम) आपल्याकडे आहेत. बाराव्या आणि पंधराव्या जागी बंध घालणारी विकरे वनस्पतींकडे आहेत, आपल्याकडे नाहीत. म्हणून शेंगदाण्यात मुबलक असणारे ओलेइक आम्ल आपण घरच्या घरी करू शकतो, पण लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन बाहेरूनच आणावी लागतात. एकदा ती आली, की साखळी लांबवणे आणि आधीच्या बाजूला आणखी बंध घालणे शरीराला जमते. लिनोलेइकपासून ॲराकिडोनिक आम्ल तयार होते, आणि अल्फा-लिनोलेनिकपासून ईपीए व त्यापुढे डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले. ॲराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिने ही संप्रेरकांसारखी द्रव्ये होतात, ज्यांच्यावरील संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि वेन यांना १९८२ चे नोबेल मिळाले. ॲस्पिरिन याच वाटेवर अडसर घालते. डीएचए हा मेंदूच्या आणि डोळ्यांच्या दृष्टिपटलाच्या पेशींचा मोठा घटक आहे.

आता आपल्या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. ही दोन्ही कुटुंबे एकाच विकरासाठी रांगेत उभी असतात. एका बाजूने १९ ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूने चिमूटभर आले, तर रांगेत कोण पुढे राहील हे सांगायला नको.

तळकोकण

आमच्याकडे हा प्रश्न उभाच राहत नाही. बांगडा आणि तारली हे दोन मासे आठवड्यातून दोन-तीनदा खाल्ले की ईपीए आणि डीएचए तयार स्वरूपातच मिळतात. गंमत म्हणजे हे मासे मोठ्या पापलेटापेक्षा आणि सुरमईपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत, आणि मेदाच्या बाबतीत सरस आहेत.

माळरान

आपले म्हणणे पटते, पण माझ्या घरात मासे येणार नाहीत. मला त्या मर्यादेतच उत्तर शोधायचे आहे.

वऱ्हाडमाती

जवसाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या पूर्व विदर्भात जवस हे घरचेच पीक होते. भाताच्या उभ्या पिकात, कापणीच्या आधी ओल असताना, लाखोळी आणि जवस फेकून पेरायची पद्धत आहे. तिला आम्ही उतेरा म्हणतो. त्या पिकाला वेगळे पाणी लागत नाही आणि खतही फारसे नाही. जवसाचे तेल घरात खाल्ले जायचे, पेंड जनावराला जायची, आणि चटणी तर रोजचीच असायची. नंतर सोयाबीन आले, बाजारात पिशवीतले तेल आले आणि जवसाला भाव राहिला नाही. माझ्या वडिलांच्या काळी शेतात जवस असे, माझ्या काळात ते बांधापुरते राहिले आणि आता शहरातली माणसे तेच पाव-पाव किलो पुड्यातून विकत घेताना दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने जवसाचे चांगले वाण दिले आहेत. एनएल-२६० मी स्वतः लावला आहे. वाणाची अडचण नाही. खाणारा परत आला तर पेरणारा परत येईल.

करडईचेही तसेच झाले. काटेरी पीक, काढणीला मजूर मिळत नाही. पूर्वी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असत, त्यामुळे जनावरे आत शिरत नसत आणि तेलही मिळे.

बरणी

आम्ही कारळ्याची चटणी नेहमी खातो. कारळे आणि जवस एकच काम करतात ना? दोन्ही काळसर, दोन्ही तेलकट.

प्रयोगवही

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. कारळ्याच्या तेलात सुमारे ७० टक्के किंवा त्याहून जास्त लिनोलेइक आम्ल असते. म्हणजे ते करडईचे भावंड आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक असते. तीळही पहिल्याच बाजूचा. चटण्यांच्या बरण्या शेजारी शेजारी असल्या तरी रसायन वेगळे आहे. करडई खाणाऱ्या घराने कारळे खाल्ले तर चव मिळते, तोल मिळत नाही.

नीरक्षीर

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते. अत्यावश्यक मेदाम्लांचा अभाव हा निरोगी प्रौढ माणसात अत्यंत दुर्मीळ आहे. बर यांच्याच प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याने सहा महिने जवळजवळ मेदरहित आहार घेतला आणि त्याला अभावाची कोणतीही लक्षणे दिसली नाहीत. ते काम १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या चरबीत या आम्लांचा मोठा साठा असतो आणि तो सावकाश वापरला जातो. त्यामुळे घरात जवस नाही म्हणजे काहीतरी भयंकर चालले आहे, असा सूर लावू नये. असल्या भीतीवर बाजार उभा राहतो आणि लोक ओमेगा-३ च्या महागड्या कुप्या (कॅप्सूल) विकत घेतात.

प्रयोगवही

भीती नको, हे मान्य. पण प्रौढाला चालले म्हणून सर्वांना चालेल असे नाही. अमेरिकेत आरिल्ड हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ४२८ तान्ह्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बाळांच्या दुधात लिनोलेइक आम्ल अत्यल्प होते, त्यांची त्वचा कोरडी, जाड होऊन तिचे पापुद्रे निघू लागले. एकूण उष्मांकांच्या सुमारे एक टक्का लिनोलेइक मिळताच त्वचा सुधारली. बाळाकडे प्रौढासारखा साठा नसतो.

दुसरे उदाहरण या धाग्यासाठीच जणू घडले आहे. १९८२ मध्ये राल्फ होल्मन आणि सहकाऱ्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध केली. पोटात गोळी लागल्यामुळे तिच्या आतड्याचा मोठा भाग काढावा लागला होता आणि तिचे सगळे पोषण शिरेवाटे चालू होते. त्या पोषणातला मेद करडईच्या तेलाचा होता. लिनोलेइक भरपूर, अल्फा-लिनोलेनिक जवळपास नाही. काही महिन्यांनी तिला बधिरपणा, मुंग्या, अशक्तपणा, चालता न येणे आणि अंधुक दिसणे अशी लक्षणे सुरू झाली. करडईच्या जागी सोयाबीन तेलाचे द्रावण दिल्यावर ती लक्षणे गेली. माणसालाही ओमेगा-३ स्वतंत्रपणे लागते, हे पटवून देणाऱ्या पुराव्यांत या नोंदीचे स्थान मोठे आहे.

ती मुलगी तोंडाने काहीही खात नव्हती, हे लक्षात घ्यावे. आपल्या ताटात पालेभाजी असते, उडीद असतात, गहू असतो. म्हणून माळरान यांच्या घरात तशी लक्षणे दिसणार नाहीत. पण एकाच्या पुराने दुसऱ्याची उणीव भरत नाही, हे त्या मुलीने दाखवून दिले.

पाळणा

मी नवजात बालकांच्या विभागात परिचारिका होते. लिनोलेइक आम्लाची एक बाजू इथे सांगते. त्वचेचा जो सर्वांत बाहेरचा थर शरीरातले पाणी अडवून धरतो, त्यातील सिरॅमाइड नावाच्या विशिष्ट मेदांमध्ये लिनोलेइक आम्ल जोडलेले असते. ते नसेल तर त्वचेतून पाणी जाते. बर यांचे उंदीर जास्त पाणी पीत होते, त्याचे कारण हेच असावे असे मला नेहमी वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातून २००५ मध्ये १२० नवजात बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही बाळांना करडईच्या तेलाने मालिश केली, काहींना खोबरेलाने, आणि काहींना तेल लावले नाही. करडईच्या गटातील बाळांच्या रक्तात अत्यावश्यक मेदाम्ले वाढलेली दिसली, खोबरेलाच्या गटात संपृक्त मेदाम्ले वाढलेली दिसली. म्हणजे बाळाच्या पातळ त्वचेतून तेल आत जाते. आपल्या आज्या तेल "जिरवायच्या", तो शब्द किती अचूक होता हे मला तेव्हा कळले. मात्र हे वाचून कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळाला घरी कोणी स्वतःच्या मनाने तेल चोळू नये; ते डॉक्टरांना विचारूनच करावे.

बाळंतिणीला आपण आळिवाचे लाडू देतो. आळिवाच्या बियांतील तेलाचा साधारण तिसरा हिस्सा अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतो, आणि आईच्या आहारातील मेदाम्लांचे प्रमाण तिच्या दुधात उतरते. दहा ग्रॅम आळिवातून पाऊण ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक मिळते. माळरानताई, तुमच्या घरात हे आधीपासूनच असेल.

माळरान

आहे! दोन्ही बाळंतपणांत महिनाभर खाल्ले आणि नंतर डबा माळ्यावर गेला. आळीव म्हणजे फक्त बाळंतिणीचे खाणे, अशी आमची समजूत आहे.

हिशेबवही

रोज किती लागते याचे आकडे कोणी दिले नाहीत, म्हणून देतो. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने प्रौढ पुरुषाला रोज १७ ग्रॅम लिनोलेइक आणि १.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक, तर स्त्रीला १२ आणि १.१ ग्रॅम पुरेसे मानले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने लिनोलेइकसाठी एकूण उष्मांकांच्या २.५ ते ९ टक्के आणि अल्फा-लिनोलेनिकसाठी किमान अर्धा टक्का असे सांगितले. आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशींत पहिल्याचे दुसऱ्याशी प्रमाण ५ ते १० पट असावे, आणि त्यासाठी एकाच तेलावर न राहता तेले मिसळून किंवा आलटून-पालटून वापरावीत, असा सल्ला आहे.

आता तेलांकडे पाहू. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलेइक सुमारे ३० टक्के, अल्फा-लिनोलेनिक नगण्य. सूर्यफुलात ६० टक्क्यांच्या वर, अल्फा-लिनोलेनिक नगण्य. तांदळाच्या कोंड्याच्या तेलात सुमारे ३३ आणि एक. खोबरेलात व तुपात लिनोलेइकच दोन टक्क्यांच्या आसपास. आणि ज्या तेलाकडे सगळे नाक मुरडतात त्या सोयाबीनमध्ये सुमारे ५३ टक्के लिनोलेइक आणि सात टक्के अल्फा-लिनोलेनिक. २५ ग्रॅम सोयाबीन तेलातून १३ ग्रॅम पहिले आणि पावणेदोन ग्रॅम दुसरे मिळते. प्रमाण साडेसात पट, म्हणजे शिफारशीच्या बरोबर मध्ये. मराठवाड्यात आणि विदर्भात दुसरे तेल परवडत नाही म्हणून सोयाबीन तेल खाणारे लाखो लोक आहेत. त्यांना आपण गरिबाचे तेल खातो असे वाटते. या एका बाबतीत त्यांचे ताट करडईवाल्यांच्या ताटापेक्षा उजवे आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

घाणेवाला

मला हे पटत नाही. माझा लाकडी घाणा आहे. सोयाबीनचे तेल द्रावक वापरून काढतात आणि मग उच्च तापमानाला गंधहीन करतात. त्यात त्या नाजूक आम्लाचे काय उरणार? घाण्याच्या तेलाशी त्याची तुलना करणेच चुकीचे आहे.

हिशेबवही

आपला घाणा चालावा असे मलाही वाटते, आणि घाण्याच्या तेलाचा वास व चव मला प्रिय आहे. पण मी दिलेले सात टक्के हे बाजारातल्या रिफाइंड तेलाचेच आहेत. गंधहीन करताना थोडे अल्फा-लिनोलेनिक बिघडते, बहुतेक टिकते. उलट आपण लाकडी घाण्यावर शेंगदाणा कितीही प्रेमाने पिळला, तरी जे दाण्यात नाही ते तेलात उतरणार नाही. पद्धत आणि बी हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

घाणेवाला

हे मान्य करतो. मग मी जवस पिळून दिले तर?

प्रयोगवही

जरूर द्या, पण कमी प्रमाणात आणि ताजे. जवसाचे तेल हवेत लवकर बिघडते. ज्या गुणामुळे ते शरीराला उपयोगी आहे, त्याच दुहेरी बंधांमुळे प्राणवायू त्याला सहज पकडतो. चित्रकार रंगात हेच तेल मिसळतात आणि क्रिकेटच्या बॅटीला हेच चोळतात, कारण ते हवेत घट्ट होऊन लेप धरते. खाण्याचे जवसतेल गडद बाटलीत, थंड जागी ठेवावे आणि फोडणीला वापरू नये. घरच्यासाठी अख्खे बी अधिक सोयीचे, कारण निसर्गाने ते कवचात नीट बंद करून ठेवले आहे.

ग्वाल्हेरी

आमच्या मराठी घरात चार पिढ्यांपासून मोहरीचे तेल आहे, कारण इथे तेच मिळते. त्यात अल्फा-लिनोलेनिक दहा टक्क्यांच्या आसपास असते. पुण्याचे नातेवाईक उग्र वास म्हणून नाके मुरडतात, पण या हिशेबात आम्ही सुखी आहोत असे दिसते.

हिशेबवही

या हिशेबात होय. मात्र पारंपरिक मोहरीत एरुसिक आम्ल ४०-५० टक्के असते, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याने हृदयाच्या स्नायूत मेद साचलेला दिसला, म्हणून काही देशांत ते खाद्यतेल म्हणून विकू देत नाहीत. माणसात तसा अपाय सिद्ध झालेला नाही. तरीही केवळ मोहरीवर राहण्यापेक्षा शेंगदाणा किंवा तीळ जोडीला ठेवावा, असे मी म्हणेन.

नीरक्षीर

करडईबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवतो. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि करडईचे मार्गारिन (कृत्रिम लोणी) दिले. २०१३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा मांडली गेली तेव्हा करडईच्या गटात मृत्यू १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के असल्याचे दिसले. "हृदयासाठी करडई" हे वाक्य आपण किती निर्धास्तपणे ऐकले, याचा विचार व्हावा.

प्रयोगवही

हा प्रयोग महत्त्वाचा आहे, पण तो अर्धा सांगून थांबू नये. त्या पुरुषांना बहुअसंपृक्त मेद (लिनोलेइकसारखी मेदाम्ले) एकूण उष्मांकांच्या १५ टक्क्यांपर्यंत नेण्यास सांगितले होते, जे आपल्या घरातल्या प्रमाणाहून बरेच जास्त आहे. त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद असण्याची शक्यताही अभ्यासकांनी पुढे केली आहे. दुसऱ्या बाजूला, मोठ्या लोकसमूहांच्या निरीक्षणांत आहारातले लिनोलेइक जास्त असणाऱ्यांना हृदयविकार कमी झाल्याचे आढळले आहे. म्हणून करडई विष आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही. करडईबरोबर तेलातून ओमेगा-३ न मिळणे ही त्या प्रयोगातील आणि या घरातील समान गोष्ट आहे, आणि ती दुरुस्त करणे आपल्या हातात आहे. शिवाय हल्ली करडईचे आणि सूर्यफुलाचे जास्त ओलेइक असणारे वाणही आले आहेत. त्यांच्या तेलात लिनोलेइक कमी असते, म्हणून डब्यावरचा मजकूर वाचावा.

निळावंती

माझे पती रोज माशाच्या तेलाची कुपी घेतात. तेवढे पुरेसे नाही का?

औषधालय

मी औषधनिर्माता आहे. कुप्यांकडून अपेक्षा बेताची ठेवावी. अमेरिकेत २५,८७१ निरोगी लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज एक ग्रॅम कुपीने हृदयविकार व पक्षाघात यांच्या एकत्रित प्रमाणात ठळक घट दिसली नाही. शुद्ध ईपीएच्या चार ग्रॅम मात्रेच्या चाचणीत, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या आणि हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या रुग्णांत, २५ टक्के घट दिसली. त्यानंतर ईपीए व डीएचए एकत्र दिलेल्या तशाच मोठ्या चाचणीत काहीच लाभ दिसला नाही. मोठ्या मात्रेने हृदयाच्या ठोक्यांची एक प्रकारची अनियमितता वाढते, असेही आढळले आहे. म्हणून मोठी मात्रा हे औषध आहे आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. अन्नातले अत्यावश्यक आम्ल आणि कुपीतले औषध हे दोन प्रश्न एकत्र करू नयेत.

पाळणा

शाकाहारी कुटुंबांच्या बाबतीत एक शंका राहतेच. जवसातले अल्फा-लिनोलेनिक शरीरात डीएचएपर्यंत कितीसे पोहोचते?

प्रयोगवही

फार थोडे. ईपीएपर्यंत शेकड्यात काही टक्के जाते, आणि डीएचएपर्यंत पुरुषांत बहुधा एका टक्क्याहूनही कमी. तरुण स्त्रियांत हे रूपांतर अधिक होते आणि त्याचे श्रेय इस्ट्रोजेनला दिले जाते. गर्भासाठी केलेली ती तरतूद असावी. त्यामुळे जवस खाल्ले म्हणजे बांगडा खाल्ला, असे म्हणता येणार नाही. गर्भवती आणि स्तनदा शाकाहारी स्त्रियांनी डॉक्टरांशी बोलून समुद्री शैवालापासून काढलेल्या डीएचएचा विचार करावा. मासेही ते स्वतः बनवत नाहीत. त्यांच्याकडे ते मुख्यतः सूक्ष्म शैवालातूनच येते, म्हणून हा मार्ग शाकाहाराच्या चौकटीत बसतो.

तळकोकण

मीही एक दुरुस्ती करतो. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि तेव्हा आमच्या घरीही ताजा बांगडा नसतो, सुक्यावर भागवावे लागते. शिवाय बांगडा सूर्यफुलाच्या तेलात बुडवून तळला की वरून ओमेगा-६ ची भर पडते. तिरफळ घालून केलेले सार त्यापेक्षा बरे.

बरणी

जवस भाजायचे की कच्चे खायचे? आणि अख्खे चालते का?

वऱ्हाडमाती

मंद आचेवर भाजावे. तडतडू लागले की उतरवावे, काळे होऊ देऊ नये. अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते, म्हणून कुटणे किंवा दळणे आवश्यक आहे. आमच्याकडे जवस, लसूण, जिरे, लाल तिखट आणि मीठ एवढेच घालतात.

प्रयोगवही

भाजण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटक अल्प प्रमाणात असतात आणि उष्णतेने ते कमी होतात. हलक्या भाजण्याने बियांतले अल्फा-लिनोलेनिक फारसे जात नाही. सात ग्रॅम पुडीतून, म्हणजे सपाट मोठ्या चमच्यातून, सुमारे १.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक मिळते. एका प्रौढाची दिवसाची गरज तेवढ्यात भागते. पूड आठवड्यापुरतीच करावी. खवट वास आला तर टाकून द्यावी.

औषधालय

माळरानताई, वडिलांना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतील. जवसाचा एक चमचा हा अन्नाचा भाग आहे, तरी पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना तो सांगून ठेवा. जवसात तंतू पुष्कळ असतात. गोळ्या आणि जवस एकाच वेळी घेऊ नयेत आणि बरोबर पाणी भरपूर प्यावे.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. काल डॉक्टरांना विचारले. त्यांनी चमचाभर जवसाला होकार दिला आणि गोळ्यांनंतर दोन तासांनी घ्यायला सांगितले.

घरात असे ठरवले आहे. करडई पूर्ण सोडायची नाही, पण ती भाकरीवर आणि चटणीवर कच्ची घ्यायची, आणि फोडणीला शेंगदाण्याचे तेल आणायचे. त्याने लिनोलेइकचा पूर ओसरेल. दुसरे आम्ल जवसातून येईल. मुलासाठी अर्धा लहान चमचा भातावर, आणि हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांसाठी आळिवाचे लाडू. सोयाबीनबद्दल हिशेबवही यांनी लिहिलेले मी आमच्या कामवाल्या मावशींना वाचून दाखवले. त्या परभणीच्या आहेत आणि त्यांच्या घरी तेच तेल आहे. त्यांनी दोनदा वाचायला लावले.

आईला हे सगळे सांगत होते, तेव्हा ती म्हणाली की तिच्या माहेरी कोनाड्यात दोन बरण्या असत, एक कारळ्याची आणि एक जवसाची, आणि आजी ताटात दोन्ही वाढायची. लग्नानंतर आईने कारळ्याची चटणी चालू ठेवली. जवसाची बरणी नेमकी कधी थांबली हे तिला आठवेना. बहुधा पुण्यात आल्यावर वाण्याकडे जवस मिळेना तेव्हा. शनिवारी तिने स्वतः पाव किलो जवस निवडून भाजले. वडिलांनी पहिल्या घासाला विचारले, "ही कारळ्याची नाही ना?"

वऱ्हाडमाती

जवस कमी पडले तर कळवा. यंदा अर्ध्या एकरात पेरतो आहे.